घरातलं वायरिंग आणि मोठ्या फायली: गिगाबिटच्या पुढं जायचं का?

कॅमेरावाला_शाहूपुरी

मंडळी, जरा सल्ला पाहिजे.

लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग हा आपला धंदा. घर व्हीनस कॉर्नरपासून आतल्या बाजूला. खाली हॉल आणि ऑफिस, माडीवर एडिटिंगची खोली. जिन्याखालच्या कोनाड्यात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यात चार हार्डडिस्क टाकून स्टोरेजचा डबा केलाय. घर बांधतानाच भिंतीतनं कॅट-५ई केबल टाकून घेतली होती, स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडायची पेटी) साधा गिगाबिटचा.

अडचण अशी की दोन दिवसांचं लग्न आणि तीन कॅमेरे असले की ५०० जीबी सहज होतात. माडीवरनं खालच्या डब्यात टाकायला सव्वा तास लागतो. वेग सेकंदाला ११० एमबीच्या पुढं सरकत नाही. तुळशीचं लग्न झालं की आमची लागोपाठ पळापळ असते, तेव्हा हा सव्वा तास डोक्यात जातो. शिवाय जुनं लग्न उघडून थेट डब्यावरनं एडिट करायला गेलं की टाइमलाइन अडखळते.

२.५ गिगाबिट घ्यावं का सरळ १०? केबल बदलायला भिंत फोडावी लागणार का? आईनं आत्ताच सांगून ठेवलंय, रंग दिलेल्या भिंतीला हात लावायचा नाही. बजेट ₹१५,०००, फारच गरज असेल तर वीसपर्यंत ताणतो.

तांबडा_रस्सा

सव्वा तासात फडतऱ्यांकडं नंबर लावून मिसळ खाऊन येता येतं की भावा. चांगलं चाललंय ते कशाला बिघडवालास?

जोडणी

रस्सासाहेबांचं सोडा. माझं कामच केबल ओढायचं आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, ११० म्हणजे तुमची लाइन ठणठणीत आहे. १ गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी. त्यातनं डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांचा वगैरे खर्च वजा केला की हातात ११० ते ११७ पडतात. तेवढे येतायत, म्हणजे केबल आणि स्विच दोन्ही पुरेपूर काम करालेत. त्यांच्याकडनं आणखी काही निघणार नाही.

दुसरी, भिंत फोडायची गरज नाही. २.५ आणि ५ गिगाबिटचं मानक २०१६ ला आलं तेच मुळी भिंतीतल्या जुन्या केबली वाचवायला. कॅट-५ई वर २.५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं. तुमच्या घरात माडीपर्यंत फार तर वीसेक मीटर असेल. १० गिगाबिटला मात्र कॅट-६ लागते, ती पण ५५ मीटरपर्यंतच. पूर्ण १०० मीटर पाहिजे असेल तर कॅट-६ए. कॅट-५ई वर १० गिगाबिट मानकात बसत नाही. छोट्या अंतरावर बऱ्याचदा लागतं, पण मी गिऱ्हाइकाला त्याची हमी देत नाही.

तेव्हा दोन्हीकडं २.५ चं नेटवर्क कार्ड आणि मध्ये २.५ चा स्विच. संपला विषय.

पुणेकर_कोल्हापूरचा

माझं मत वेगळं. पैसे घालवायचेच तर एकदाच १० वर जा. सर्व्हरमधून काढलेली जुनी १० गिगाबिट कार्डं, इंटेल एक्स५२० किंवा मेलानॉक्स कनेक्टएक्स-३, सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात. आज २.५ घेतलंस की दोन वर्षांनी पुन्हा इथेच धागा काढशील.

उद्यमनगरचा_लेथ

@पुणेकर, १० गिगाबिट घेऊन पलीकडं लावणार काय? हार्डडिस्कच ना?

७२०० फेऱ्यांची चांगली डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला दोनशे-अडीचशे एमबी देते. भरत आली आणि आतल्या कडेला लिहायला लागली की जवळजवळ निम्म्यावर येते. अर्ध्या इंचाच्या नळाला चार इंची पाइप जोडून बादली लवकर भरत नाही. १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला हजार एमबीच्या वर. एवढं गिळायला एनव्हीएमई (थेट मदरबोर्डला जोडलेली वेगवान एसएसडी) पाहिजे, साटा एसएसडी पण साडेपाचशेला दम टाकते.

कॅमेरावाले, चार डिस्क कशा जोडल्यात ते आधी सांगा. आणि दोन चाचण्या करा. एक, आयपर्फ-३ या वेग मोजायच्या प्रोग्रामनं नुसती लाइन मोजा, त्यात डिस्कचा संबंधच येत नाही. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आलं की झालं. दोन, डब्याच्या आतच एका मोठ्या फाइलवर लिहिण्या-वाचण्याचा वेग बघा, त्यात नेटवर्क नको. मोठी म्हणजे रॅमपेक्षा मोठी. विंडोज आणि लिनक्स दोघंही पहिले काही जीबी रॅममध्ये ढकलून झाल्यासारखं दाखवतात आणि मग आकडा धाडकन पडतो. आकडे इथं टाका, मग खरेदीचं बोलू.

फुटबॉलवेडा

माझा अनुभव सांगतो. शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचा शूट करतो, हौस म्हणून. पूर्ण मॅच ४के मध्ये घेतली तर चाळीस-पन्नास जीबी होतात. मागच्या हंगामात मॅच कॉपी करायला तास उलटून जायचा. आकडा बघितला तर सेकंदाला ११ एमबी. मला वाटलं डिस्क गेली. नवीन डिस्क आणायला निघालोच होतो.

मित्र म्हणाला थांब, आधी भिंतीतला जॅक उघड. स्क्रू काढला, प्लेट पुढं ओढली आणि मोबाइलची बॅटरी मारून बघितलं तर तपकिरी वायर दातापर्यंत पोचलीच नव्हती. वरचं कव्हर अर्धवट सोललेलं, टोक वाकून बाजूला बसलेलं. वायरमननं सात वायरी दाबल्या आणि आठवी देवावर सोडली. बाकी सगळं चालायचं, इंटरनेट पण, म्हणून कुणाला पत्ता नाही. इंच दीड इंच केबल कापली, पुन्हा नीट दाबली, वेग ११२.

@कॅमेरावाला, तुझे ११० येतायत म्हणजे तुला हे दुखणं नाही. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगतो, ११-१२ दिसलं की आधी जोड बघा.

निवृत्त_मास्तर

फुटबॉलवेडा यांच्या अनुभवामागचं कारण सांगतो. जुन्या १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एक वायर सुटली की दोन्ही टोकं आपापसात ठरवून गुपचूप १०० वर उतरतात. कुठे चूक दाखवत नाहीत, दिवाही लागलेला असतो.

याच्या पुढचा एक दोष आणखी फसवा आहे. काही वायरमन रंग क्रमानं लावतात: नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच केलं तर आठ दिव्यांच्या टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतात आणि तो पैसे घेऊन जातो. पण तिसरी आणि सहावी तार एका पिळातली असावी लागते. ती दोन वेगवेगळ्या पिळांत गेली की एकीचा आवाज दुसरीत शिरतो आणि वेग ढासळतो. बरोबर क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी बसते, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

आमच्या वेळी जाड काळी कोअॅक्सिअल केबल असायची. १० मेगाबिट, सगळे संगणक एकाच माळेत आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी. एखाद्या विद्यार्थ्यानं गंमत म्हणून टोपी काढून खिशात घातली की आख्खी लॅब बंद. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी हमखास घडायचं.

तांबडा_रस्सा

मास्तर, टोपी खिशात घालणाऱ्यांत आमचीच बॅच असणार. आता सांगायला हरकत नाही.

बाकी कोल्हापुरात १९२९ ला निघालेली प्रभात १९३३ ला बाडबिस्तरा घेऊन पुण्याला पोचली, आणि कॅमेरावाल्याच्या फायली अजून माडीवरनं जिन्याखाली उतरालेत.

पुणेकर_कोल्हापूरचा

रस्सा 😂 प्रभातवाल्यांनी तरी एका खेपेत सामान हलवलं असेल.

@लेथ, डिस्कचा मुद्दा मान्य. पण डब्यात एक एनव्हीएमई टाकली आणि चालू काम त्यावर ठेवलं तर? तेव्हा २.५ चा बुच बसेलच ना?

रानजाई

मी इंटिरियरची कामं करते, त्यामुळे केबलीची भांडणं माझ्याही वाट्याला येतात. ज्यांना नवीन केबल ओढायची आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

बाजारात 'कॅट-६' छापलेल्या कितीतरी पेट्या आतून ॲल्युमिनियमच्या असतात, वर तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडनं तार हलकेच खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. पेटी उचलली तरी कळतं, खरी तांब्याची चांगली जड लागते. ॲल्युमिनियमची तार दोनदा वाकवली की तुटते, आणि सीसीटीव्हीसारखी वीज त्याच केबलीतून दिली तर गरमही होते.

दुसरं, चपट्या 'कॅट-७' पट्ट्यांच्या नादी लागू नका. खऱ्या कॅट-७ चा जोड आपल्या नेहमीच्या आरजे-४५ पेक्षा वेगळा असतो. त्या पट्टीत केसाएवढ्या तारा असतात. गालिच्याखालून न्यायला ठीक, त्यापलीकडे काही नाही.

आणि कृपा करून लाइटच्या वायरी आणि ही केबल एकाच पाइपात घालू देऊ नका. वायरमन 'काय होत नाही मॅडम' म्हणतोच.

सायबर_चौक

एवढं सगळं करण्यापेक्षा वायफाय ६ चा राउटर लावला तर? माझ्या मोबाइलवर ८०० मेगाबिट येतात.

जोडणी

@सायबर_चौक राउटरच्या शेजारी बसून येत असतील. मधे स्लॅब आणि दोन भिंती आल्या की बघा. आणि वायफायचा वेग घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. धाकट्यानं यूट्यूब लावलं की मोठ्याची कॉपी मंदावते.

मी_नवीनच

प्रश्न वेडगळ असेल तर माफ करा. डब्याला आणि कॉम्प्युटरला दोन-दोन केबली लावल्या तर वेग दुप्पट होत नाही का? माझ्या स्विचवर तसं काहीतरी सेटिंग आहे.

उद्यमनगरचा_लेथ

वेडगळ नाही, बरेच जण तिथंच फसतात. स्विचवरच्या त्या सेटिंगमध्ये एका फाइलीची कॉपी एकाच तारेनं जाते. दुसरी तार दुसऱ्या माणसाच्या कामाला येते. चार-पाच जण एकदम वापरणारं ऑफिस असेल तर फायदा, एकट्या एडिटरला शून्य. विंडोजच्या शेअरिंगमध्ये एसएमबी मल्टिचॅनल म्हणून प्रकार आहे, तो खरंच दोन्ही तारा वापरतो, पण त्याला दोन्ही बाजूंना तसं सेट केलेलं लागतं आणि भिंतीतनं दुसरी केबल पाहिजे. कॅमेरावाल्याची आई आधीच दार अडवून बसलीय.

कॅमेरावाला_शाहूपुरी

आकडे घेतले. आयपर्फला ९४१ मेगाबिट, म्हणजे जोडणीदादा म्हणाले तेच. डब्यात दोन-दोन डिस्कच्या दोन जोड्या आहेत, एका जोडीत तीच फाइल दोन्हीकडं लिहिली जाते. आत मोठी फाइल लिहिताना साडेतीनशे एमबी येतात. डिस्का निम्म्याच भरल्यात.

चालू लग्न कॅमेऱ्याच्या कार्डावरनं आधी एडिटिंगच्या पीसीमधल्या एनव्हीएमईवर घेतो, मग डब्यात.

उद्यमनगरचा_लेथ

झालं की मग. साडेतीनशेची डिस्क आणि २.५ गिगाबिटला हातात येतात २८० च्या आसपास. जोड छान बसतोय. सव्वा तासाचा अर्धा तास होईल. १० घेतलंत तरी डिस्क साडेतीनशेलाच थांबणार, म्हणजे पंचवीस मिनिटं. पाच मिनिटांसाठी पुणेकरांचं ऐकायचं का ते ठरवा.

आणखी एक. कार्डावरनं पीसीवर घ्यायला किती वेळ लागतो? कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड साधं यूएचएस-१ वर्गाचं असेल तर त्याची कमाल मर्यादाच १०४ एमबी, प्रत्यक्षात नव्वदच्या घरात. खरा वेळ तिथं जात असणार आणि त्याला नेटवर्क काहीही करू शकत नाही. चांगला रीडर आणि यूएचएस-२ कार्ड, तेही कॅमेऱ्याला चालत असलं तर.

फुटबॉलवेडा

मला एक कळत नाही. पीसीवर कॉपी आहेच, मग डब्यात टाकायचं काम रात्री लावून झोपायचं. सव्वा तास लागला काय आणि दोन तास लागले काय.

कॅमेरावाला_शाहूपुरी

@फुटबॉलवेडा सीझनला रात्री पण शूटिंगच असतं रे. पहाटे तीनला परत येतो आणि सकाळी सातला दुसऱ्या कार्यालयात हळदीला हजर. डब्यात दुसरी प्रत पडल्याशिवाय मी कार्ड फॉरमॅट करत नाही, आणि कार्ड रिकामं झाल्याशिवाय निघता येत नाही. म्हणून तो सव्वा तास.

पंचगंगा_काठ

सगळं वाचलं. केबलीचं ज्ञान चांगलं आहे, पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. व्हीनस कॉर्नरच्या आत घर, आणि लोकांच्या लग्नाचा सगळा डेटा तळमजल्यावर जिन्याखाली जमिनीलगत?

२०१९ ला आणि २०२१ ला तुमच्या भागात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विसरलात? राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की आम्ही घरातलं सामान वर हलवायला सुरुवात करतो. कपडे, धान्य, गॅस सिलिंडर, सगळं आठवतं. जिन्याखालचा कॉम्प्युटर मात्र शेवटी आठवतो, आणि लाइट बंद केलेली असते, अंधारात वायरी ओढत बसायचं. माझ्या चुलत्याच्या दुकानातला हिशोबाचा कॉम्प्युटर असाच गेला.

कॅमेरावाला_शाहूपुरी

काका, विसरलो नाही. दोन्ही वेळी डबा हातावर धरून वर नेलाय. तेव्हा एकच डिस्क होती, आता चार आहेत आणि वजन वाढलंय.

जोडणी

अहो मग वरच ठेवा की!

आणि वर ठेवला तर सगळं गणितच बदलतंय. डबा आणि एडिटिंगचा पीसी एकाच खोलीत आले म्हणजे भिंतीतल्या केबलीचा प्रश्नच मिटला. दोघांत १० ची कार्डं, मध्ये एक मीटरची डीएसी केबल, म्हणजे दोन्ही टोकांना एसएफपी प्लस जातीचे जोड बसवलेली तयार तांब्याची केबल. स्विच नाही, जॅकमध्ये तारा दाबायचं क्रिम्पिंग नाही. खालच्या ऑफिसला जुनी गिगाबिट आहेच, तिथं बिलं आणि फोटोचे प्रूफ एवढंच लागतं.

@पुणेकर, तुमचं खरं झालं म्हणायचं, पण पुरामुळं.

पुणेकर_कोल्हापूरचा

पुरामुळे का होईना, बाजू जिंकली 🙂

आरजे-४५ वालं १० गिगाबिट घेऊ नकोस हे मी आधीच सांगणार होतो. ते मॉड्यूल हात लावला तर चटका बसेल इतके तापतात. डीएसी जवळजवळ थंड असते. आणि डब्यात एक एनव्हीएमई टाकून चालू लग्न त्यावर ठेव. डब्यावरनं थेट एडिट करायची तुझी टाइमलाइनची तक्रार तिथे सुटेल, हार्डडिस्कवर नाही सुटणार. डिस्कची सुई एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ शकते, तीन कॅमेऱ्यांचे तीन ट्रॅक एकदम मागितले की ती नुसती इकडून तिकडे पळत राहते.

रानजाई

माडी म्हणजे वर स्लॅब आहे की पत्रा? एप्रिलमध्ये पत्र्याखाली चार डिस्क आणि सर्व्हरचं कार्ड ठेवलं तर भाजून निघतील. आणि चार डिस्कची घरघर एडिटिंगच्या खोलीत, आवाज मिक्स करताना ऐकू येणार नाही का?

कॅमेरावाला_शाहूपुरी

@रानजाई ताई, स्लॅब आहे, त्याच्यावर पत्र्याची शेड, त्यामुळं ऊन थेट लागत नाही. आवाजाचा मुद्दा बरोबर आहे. खोलीला लागून एक कपडे ठेवायची छोटी खोली आहे, दाराच्या चौकटीखालनं केबल नेली तर तीन मीटरमध्ये बसतंय. भिंत फोडायची नाही, आई खूश.

उद्यमनगरचा_लेथ

तीन मीटरची साधी डीएसी चालते, अडचण नाही. आता सर्व्हरच्या जुन्या कार्डांचं बघा. ती कार्डं रॅकमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. साध्या कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकवर एक छोटा पंखा लावा, झिप टायनं बांधला तरी चालतो. मदरबोर्डवरची खाच लांब लागते, एक्स५२० आठ लेनचं (डेटाच्या आठ वाटांचं) आहे. मदरबोर्डवर सोळाच्या लांबीची पण आतून चार लेनची खाच असली तरी एका पोर्टला पुरेसं होतं. विकत घेण्याआधी विंडोज ११ ला त्या कार्डाचा ड्रायव्हर मिळतोय का तेवढं बघून घ्या, माल जुना आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थेट जोडलेल्या दोन कार्डांना वेगळ्या मालिकेचे आयपी पत्ते हातानं द्या. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ चं असेल तर इकडं १०.१०.१० चं काहीतरी. गेटवेचा (बाहेर जायच्या वाटेचा) रकाना रिकामा ठेवा. मग डब्याची ड्राइव्ह त्या नव्या पत्त्यावरनं जोडा. नाहीतर विंडोज जुन्या नावानं गिगाबिटच्याच वाटेनं जातं आणि माणूस म्हणतो १० चं कार्ड बोगस निघालं.

जंबो फ्रेमच्या (डेटाची पाकिटं मोठी करायच्या सेटिंगच्या) भानगडीत पहिल्या दिवशी पडू नका. आधी साधं चालू द्या.

निवृत्त_मास्तर

वरती हलवताय तर वळवाचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये विजा कडाडतात तेव्हा दोन इमारतींमधून गच्चीवरून टाकलेली तांब्याची केबल हे सर्वांत मोठं संकट. वीज जवळपास पडली तरी त्या तारेत एवढा दाब येतो की स्विच, राउटर, मदरबोर्डवरचा पोर्ट, सगळं एका फटक्यात जातं. कुणाला शेजारच्या इमारतीत भावाच्या घरी लाइन द्यायची असेल तर फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. एकाच घरात असाल तर डब्याला यूपीएस आणि घराला व्यवस्थित अर्थिंग, एवढं तरी बघा.

तांबडा_रस्सा

मास्तर, आमच्या गल्लीत एका वायरीवर सहा घरं आणि केबल टीव्ही चालतोय. वळीव आला की सहा घरांत एकदम अंधार आणि एकदम शिव्या.

पंचगंगा_काठ

डबा वर नेला म्हणून सुटलात असं समजू नका. एक प्रत घराबाहेर ठेवा. महिन्याला एक डिस्क भरून रुईकर कॉलनीत किंवा उजळाईवाडीला कुणा पाहुण्याकडं ठेवली तरी पुरे. डब्यातल्या चार डिस्का ही दुसरी प्रत नव्हे. चोरी झाली, आग लागली, तर चारही एकदम जातात.

सायबर_चौक

काका अगदी बरोबर. पण पाहुण्याकडं डिस्क ठेवली की पाहुणी आख्खी लग्नं बघत बसते, हा आमचा अनुभव.

कॅमेरावाला_शाहूपुरी

सगळ्यांना धन्यवाद. ठरवलं ते असं.

डबा वरच्या छोट्या खोलीत. दोन सेकंडहँड १० ची कार्डं, तीन मीटर डीएसी, डब्यात एक १ टीबीची एनव्हीएमई. खालच्या ऑफिसला जुनी गिगाबिट तशीच, २.५ चा स्विच आत्ता घेत नाही. लेथसाहेब, दोन कॅमेऱ्यांना यूएचएस-२ कार्ड चालतात, तिसऱ्याला नाही. एका ओळखीच्या दुकानदाराकडनं रीडर आधी ट्राय करायला आणालोय. बजेट १५,००० च्या थोडं वर जाईल, पण वीसला धक्का लागत नाही.

कार्डं यायला आठवडा लागेल म्हणतायत. आली की आयपर्फचा आकडा इथं टाकतो.

पुणेकर_कोल्हापूरचा

९.४ गिगाबिटच्या आसपास यायला हवा. त्याच्या बराच खाली अडकला तर आधी खाच बघ, कार्ड एका लेनच्या खाचेत तर नाही ना.

मी_नवीनच

माझ्याकडं लॅपटॉप आहे, कार्ड बसत नाही. मग मला काय मार्ग?

जोडणी

यूएसबीचं २.५ गिगाबिटचं अडॅप्टर घ्या, निळ्या यूएसबी ३ मध्ये लावायचं. मागच्या काळ्या यूएसबी २ मध्ये लावलंत तर गिगाबिट पण पुरता मिळणार नाही. पलीकडच्या डब्याला पण २.५ पाहिजे, नाहीतर दोघं १ वर येऊन थांबतील.

फुटबॉलवेडा

@कॅमेरावाला २.५ चा स्विच घेणार नाहीस म्हणजे तुझा बजेटातला तो पैसा वाचला. मॅचच्या दिवशी दुसरा कॅमेरा घेऊन ये की, गोलपोस्टमागं माणूस पाहिजे.

कॅमेरावाला_शाहूपुरी

रविवारी लग्न नसेल तर येतो. फुटेज मात्र तुझ्या डिस्कवर.